जिन्यातली मॅटिनी

इंग्रजी सिनेमांतल्या नट्यांविषयी मला जे काही माहीत आहे, ते मी कळंबोलीच्या एका इमारतीच्या जिन्यात बसून ऐकलेलं आहे. त्यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही. पुढे टीव्हीवर तसले जुने सिनेमे लागू लागले, तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जात असे. पडद्यावरची बाई शशीताईंनी सांगितलेल्या बाईपेक्षा कमी निघाली तर काय करायचं, अशी भीती वाटायची.

शशीताई गेल्याचं मला पनवेलच्या बसस्टँडवर कळलं. कामासाठी गेले होते. आमच्या जुन्या इमारतीतल्या साळवीकाकू फलाटाशी उभ्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्या म्हणाल्या, "आपली शशी गेली गं." एवढं बोलून त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.  मग त्यांची गाडी लागली.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. लिहायला बसले की मात्र वाटायचं, त्यांनी आयुष्यभर जे तोंडाने आणि हातांनी केलं, ते कागदावर कसं यावं? आजही खात्री नाही.

ऐंशीच्या दशकात कळंबोली नुकती वसत होती. मुंबईतला लोखंडाचा बाजार इकडे आला, तशी गोदामं उठली, ट्रक आले, आणि ट्रकांमागून आमच्यासारखी माणसं आली. इमारती सगळ्या एकसारख्या. भोवती लाल मुरूम, त्यापलीकडे भातखाचरं. दुकानं थोडी, झाडं त्याहून थोडी. मी वसाहतीतल्या शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवायचे आणि दुपारी वह्या तपासायला जिन्यात येऊन बसायचे, कारण आमच्या इमारतीत वारा फक्त जिन्यात होता. बायका तिथेच जमायच्या. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी जवळा, कुणी वालाच्या शेंगा सोलायचं. आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीतल्या जाळीला पाठ लावून, शशीताई सिनेमा सांगायच्या.

दिसायला त्या ठेंगण्या, अंगाने भरलेल्या. जाड काचांचा चष्मा, घट्ट अंबाडा, धुऊन मऊ झालेली सुती साडी. त्यांचे यजमान, शिर्के, एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. मूलबाळ नव्हतं. रस्त्यात दिसल्या असत्या तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. पण त्या सांगायला बसल्या आणि मान किंचित तिरकी करून त्यांनी खांद्यावरून मागे पाहिलं, की जिन्यातल्या सगळ्या बायका त्या दिशेला बघायच्या. तिथे फक्त भिंत असायची.

त्यांचे वडील फोर्टातल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. तिथे फक्त इंग्रजी सिनेमे लागत. आई लवकर गेलेली, घरी बघणारं कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की ही मुलगी वडिलांकडे जायची आणि दाराशी, जाड मखमली पडद्याला धरून उभी राहून सिनेमा बघायची. इंग्रजी येत नव्हतं. एकच सिनेमा आठवडेच्या आठवडे चालायचा, त्यामुळे तोच तो पुन्हा पुन्हा दिसायचा.

"पहिल्यांदा गोष्ट दिसते," त्या मला एकदा म्हणाल्या. "मग कपडे दिसतात. मग नाच दिसतो. आणि खूप वेळा बघितलं ना बाई, की मग ती दिसते."

ती म्हणजे नटी. सिनेमाची गोष्ट हे त्यांच्या लेखी एक निमित्त होतं. नाचणाऱ्या, गाणाऱ्या त्या बायकांविषयी त्यांना जो आदर होता, तसा मी नंतर फार थोड्या माणसांत, फार थोड्या गोष्टींविषयी पाहिला. नट्यांच्या सौंदर्याचं शशीताईंना फारसं काही नव्हतं. "सुंदर काय, दिवे लावले की कुणीही दिसतं," म्हणायच्या. त्यांना कौतुक होतं ते कामाचं. एक नटी अख्खं गाणंभर नाचते, जिने चढते, टेबलावर उडी मारते आणि सगळा वेळ हसत असते. मग ती दमते की नाही? शशीताईंनी ते शोधून काढलं होतं. गळ्याच्या खाली जी खळगी असते, तिथे तो दम दिसतो, असं त्या सांगायच्या. तोंड हसतंय आणि खळगी मात्र भरभर वरखाली होतेय. हे सांगताना त्या स्वतःच्या गळ्याशी बोट ठेवत, आणि समोरच्या बायकांचे हात नकळत आपापल्या गळ्याशी जात.

"पहाटे उठून जायचं," त्या म्हणायच्या, "तोंड रंगवून घ्यायचं, पाय सुजलेले असले तरी बुटात कोंबायचे आणि हसायचं. आपल्याला वाटतं, मजा आहे. ती नोकरी आहे बायांनो, नोकरी."

नट्यांची खरी नावं त्या सांगायच्या, नीट, आदराने, पण एकदाच. बायकांना ती पेलायची नाहीत. मग बायकांनीच नावं पाडली. तलावात फुलासारखी उमलत पोहणारी ती पाण्यातली. बुटांना लोखंडी पट्ट्या लावून नाचणारी ती टकटक. आणि एक भुवई उचलून समोरच्या पुरुषाला गप्प करणारी ती भुवईवाली. टकटकचा नाच शशीताई डब्याच्या पत्र्याच्या झाकणावर बोटांच्या पेरांनी वाजवून दाखवत. कधी मध्येच गोदामाकडून सळ्या उतरवल्याचा खणखणाट यायचा, की त्या न थांबता म्हणायच्या, "हं, बँडवाले आले," आणि त्या आवाजावर ताल धरायच्या.

हातमोजा काढणं तर आमच्या इमारतीत सगळ्यांना येऊ लागलं होतं. कोपरापर्यंतचा मोजा, तो एकदम ओढून काढायचा नाही. एकेका बोटाचं टोक धरून सैल करायचं, समोरच्याकडे बघायचं, बोलायचं ते बोलायचं, आणि बोलणं संपेल तेव्हा मोजा हातातून सुटलेला असायला हवा. शशीताई हे उघड्या हाताने करायच्या आणि मोजा दिसायचा. साळवीकाकू एकदा आपल्या सुनेला काही सुनावताना तशाच एकेक बोट ओढत होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

नायकांविषयी त्या कधी चार वाक्यांच्या वर बोलल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "असतो एक. टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहतो."

त्यांच्या आणखी एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. त्या थिएटरात कधी खुर्चीवर बसून सिनेमा बघू शकल्या नाहीत. लग्नानंतर शिर्क्यांनी हौसेने तिकिटं काढून नेलं, तर ह्या पहिल्या गाण्यालाच उठल्या आणि जाऊन दाराच्या पडद्याशी उभ्या राहिल्या. शिर्के बिचारे शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून बसून राहिले. ते हे हसत सांगायचे. "आमच्या हिला बसून काही दिसत नाही," म्हणायचे. वडील वारल्यावर त्यांचं थिएटरात जाणं थांबलंच. म्हणजे आम्हाला जे सांगायच्या ते सगळं लहानपणी आणि तरुणपणी पाहिलेलं, तीस तीस वर्षांपूर्वीचं. तरी त्यात कुठे धूळ बसलेली नव्हती.

कमल आमच्याकडे आली ती तळमजल्यावरच्या एका खोलीत, भाड्याने. परभणीकडची, बौद्ध कुटुंबातली. नवरा, बबन, लोखंड नेणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर. पहिल्या दिवशी ती जिन्यात आली आणि सगळ्यांच्या खाली, बऱ्याच पायऱ्या सोडून बसली. तिला तसं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. वर ये, असंही कुणी म्हटलं नाही. शशीताई सांगता सांगता थांबल्या.

"तिथून तुला माझे हात दिसतात का?"

"थोडे थोडे दिसत्यात."

"मग काय उपयोग? इथे ये, शेजारी."

त्यासाठी साळवीकाकूंना आपली जवळ्याची परात सरकवावी लागली. त्यांनी ती सरकवली, जरा सावकाश. कमल वर येऊन बसली आणि पुढची सगळी वर्षं तिथेच बसली.

शशीताईंचा एक नियम होता. बघितलेलं तेवढंच सांगायचं. तो किती कडक आहे हे आम्हाला एका झग्यावरून कळलं. भुवईवालीच्या अंगातल्या झग्याचं वर्णन चाललं होतं. गळा कसा, बाह्या कशा, मागे जमिनीवर लोळणारं टोक केवढं. साळवीकाकूंनी विचारलं, "रंग कोणता?"

"रंग माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"काळा-पांढरा सिनेमा होता. मला राखाडी दिसला."

"मग सांग की लाल म्हणून. इथे कोण बघायला जातंय?"

"मी लाल बघितला नाही," शशीताई म्हणाल्या.

मग बायकांनी आपसातच रंग ठरवायला घेतला. बराच वाद झाला. शेवटी कमल हळूच म्हणाली, "मोरपंखी असंल," आणि ते सगळ्यांना पटलं. शशीताईंनी हरकत घेतली नाही. पण पुढची गोष्ट सांगताना त्यांनी एकदाही मोरपंखी म्हटलं नाही. तो झगा, एवढंच म्हणत राहिल्या.

बबन गेला तो इंदूरकडे माल घेऊन. आठवड्याने यायचा होता, आला नाही. मग मालकाचा माणूस येऊन सांगून गेला की ट्रेलर एका ढाब्याजवळ उभा सापडला, माल जागच्या जागी आहे, माणूस नाही. पोलिसांत झालं, मालकाकडे झालं, बबनच्या गावाकडे निरोप गेला. कुणालाच काही कळलं नाही. भांडण नाही, दारू नाही, अपघात नाही. माणूस ट्रेलरमधून उतरला आणि गेला, एवढंच. कमल दार लावून बसली. बायका आळीपाळीने डबा ठेवून यायच्या. तो कधी उघडलेला दिसायचा, कधी तसाच.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ती आपण होऊन जिन्यात आली आणि आपल्या जागेवर बसली.  तिनेच विचारलं, "भुवईवालीचा एखादा हाय का, न सांगितलेला?"

शशीताईंनी बंदरावरचा सिनेमा सांगायला घेतला. मला वाटतं, भुवईवालीचा म्हटल्यावर तो त्यांच्या तोंडून आपोआप निघाला, पुढचा विचार करायला वेळ मिळाला नसावा. बंदराजवळच्या एका छोट्या नाटकगृहात ही गाते, नाचते. तिचं लग्न एका खलाशाशी होतं. तो जहाजावर जातो. आणि परत येत नाही.

हे वाक्य आलं तेव्हा साळवीकाकूंचा हात परातीत थांबला. शशीताईही थांबल्या. पण सुरू केलेला सिनेमा अर्धा टाकायचा नाही, हेही त्यांच्याकडे होतंच. त्यांनी सांगितला. रोज संध्याकाळी काम संपलं की ती धक्क्यावर जाते. मोठ्या शहरातल्या मोठ्या रंगमंचावरून तिला बोलावणं येतं, ती नाही म्हणते. पुन्हा येतं, पुन्हा नाही म्हणते. तो आला आणि मी इथे नसले तर, असं म्हणते. सिनेमा दोन दुपारी चालला. कमल गुडघ्याभोवती हात बांधून ऐकत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. सांगणारीच्या तोंडाकडे मात्र ती अशी बघत होती की मला वह्यांत लक्ष घालवेना.

तिसऱ्या दुपारी शेवट यायचा होता. शशीताई मध्येच उठल्या, घरात जाऊन पाणी पिऊन आल्या, आणि पुन्हा जाळीला पाठ लावून बसल्या. मग त्यांनी सांगितलं की एका संध्याकाळी धुक्यातून जहाज येतं. माणसं उतरतात. सगळ्यांत शेवटी तो उतरतो. अंगात खाकी कपडे, खांद्यावर पिशवी. ती धक्क्यावर उभीच असते.

बायकांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हणालं, बरं झालं बाई.  कमलने शेंगांची सालं गोळा करून सुपात भरली आणि ती खाली गेली.

त्यानंतर शशीताई जिन्यात येईनाशा झाल्या. कधी गुडघा दुखायचा, कधी पापड करायचे असायचे. याच सुमारास कमलचा भाऊ तिला न्यायला आला. दोन दिवस राहिला, समजावून थकला. तिने जायला नकार दिला. बाजारातल्या एका खानावळीत भाकऱ्या करायचं काम धरलं. तिथे ड्रायव्हर जेवायला यायचे, आणि ती प्रत्येकाला बबनविषयी विचारायची. भाऊ पुन्हा आला, पुन्हा एकटाच परत गेला.

भाऊ गेला त्या दिवशी शशीताई माझ्याकडे आल्या. खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, पनवेलला व्हिडिओचं दुकान निघालंय ना, माझ्याबरोबर चला. त्यांना तो बंदरावरचा सिनेमा हवा होता. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तो मिळाला तर त्या तो कमलला दाखवणार, हे मला कळलं होतं. आपण खोटा माणूस जहाजातून उतरवला, आणि त्या माणसाची वाट बघत ही पोरगी इथे अडकून पडली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांना जेवण जात नव्हतं, हे शिर्क्यांकडून कळलंच होतं.

दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. शशीताईंनी सिनेमाचं नाव सांगितलं, त्याने नाही म्हणून मान हलवली. नटीचं सांगितलं, पुन्हा मान हलवली. मग त्यांनी चष्म्याआडून एक भुवई उचलून दाखवली. तो जरा मागे सरकला.

"कधीचा पिक्चर, मावशी?"

"मी परकर-पोलक्यात होते तेव्हाचा."

"तेव्हाचं आता कोण बघतं? हा घ्या, कराटेवाला. एकदम इंग्लिश आहे."

शशीताईंनी ते खोकं हातात घेऊन नीट पाहिलं. "ह्यात बायका कोण आहेत?"

तो विचारात पडला. "आहे एक. सुरुवातीलाच मरते."

त्यांनी खोकं परत ठेवलं. येताना बसमध्ये त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. कळंबोलीचा फाटा आला तेव्हा म्हणाल्या, "दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं, बाई. आता सांगायला लागणार."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्या मला घेऊनच कमलच्या खोलीत गेल्या. एकटी गेले तर परत काहीतरी भलतंच सांगेन, असं म्हणाल्या. कमल स्टोव्ह पुसत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारच्या खिळ्याला बबनचा एक सदरा तसाच टांगलेला होता. तिने आम्हाला चटई टाकून दिली. शशीताई बसल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"कमल, तो बंदरावरचा सिनेमा मी सांगितला ना…"

"तो येत न्हाई," कमल म्हणाली.

शशीताईंनी घातलेला चष्मा पुन्हा काढला.

"त्याच दिशी कळलं मला. तुमी म्हनलाव, त्याच्या अंगात खाकी कपडे होते. त्या पिच्चरमदी रंग कुटून आला?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हातातलं फडकं तिने घडी करून बाजूला ठेवलं. "झग्याचा रंग सांगा म्हनून काकू किती मागं लागल्या होत्या. न्हाई सांगितला तुमी. माज्यासाठी सांगितला."

 मग शशीताईंनी, जरा अडखळतच, विचारलं की मग भावाबरोबर का गेली नाहीस.

"तिकडं गेले तर लोकं मला इचारत्याल, आला का म्हनून. हितं मीच लोकान्ला इचारते. त्यात लई फरक हाय, ताई."

आणि मग ती समोर येऊन मांडी घालून बसली. "आता खरं सांगा. पार शेवटपतुर."

शशीताईंनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही, हातही फार हलवले नाहीत. एका संध्याकाळी ती धक्क्यावर जात नाही. कुणी तिला अडवलेलं नसतं, काही निरोपही आलेला नसतो. ती खोलीत बसून बुटांचे बंद बांधते आणि मोठ्या शहराची गाडी पकडते. शेवटी मोठा रंगमंच, असंख्य दिवे, आणि ती नाचते. थिएटरात माणसं येत-जात असतात. दार उघडतं, मिटतं. ती दाराकडे बघत नाही.

कमलने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् दम लागलेला दिसतो का? गळ्यात?"

"दिसतो."

"मग खरं हाय," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

यानंतर शशीताई पुन्हा जिन्यात येऊ लागल्या. कमल खानावळीतून दुपारी सुटली की यायची. ड्रायव्हरांना विचारणं तिने लगेच सोडलं नाही. पुढे कधीतरी ते कमी झालं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की खिळ्यावरचा सदरा तिथे नाही. त्याचं काय केलं, हे मी विचारलं नाही.

शशीताईंना अर्धांगाचा झटका आला तो याच्यानंतर वर्षभराने, आंघोळीला जाताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांना खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं. शिर्के त्यांचं सगळं करत. माणसांची ओळख होती, समजत सगळं होतं. सांगायला गेल्या की एक जाड, ओढलेला आवाज निघायचा, आणि तो ऐकून त्या स्वतःच तोंड मिटून घ्यायच्या. काही दिवसांनी त्यांनी प्रयत्न करायचंही सोडलं. आत एवढं सगळं भरलेलं, आणि आता त्यातलं काही बाहेर यायचं नाही. त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात तेच यायचं. जिन्यात बायका जमायच्या, पण बोलणं भाजीच्या भावावर येऊन थांबायचं.

कमल रोज जायची. हातपाय पुसायची, वेणी घालून द्यायची, आणि मग पलंगाशी बसून त्यांचेच सिनेमे त्यांना सांगायची. सुरुवातीला ते चांगलं चाललं. कमलचं कुठे चुकलं की शशीताई डाव्या हाताने थांबवायच्या, बोटांनी हवेत जिना काढून दाखवायच्या, मग कमल म्हणायची, व्हय व्हय, खुर्ची न्हाई, जिना. पण हळूहळू त्यांनी थांबवायचं बंद केलं. कमल सांगत असायची आणि त्यांचे डोळे छताकडे लागलेले असायचे.

"त्यांचंच त्यान्ला किती सांगू?" कमल मला म्हणाली. "त्यान्ला सगळं पाठ हाय. ऐकून काय मिळतंय?"

मग तिने मला विचारलं की फोर्टात जायला कुठली बस, कुठे उतरायचं, तिकीट कुठल्या खिडकीवर काढतात. तिथल्या एका थिएटरात रविवारी सकाळी जुने नाचगाण्याचे इंग्रजी सिनेमे दाखवतात, हे तिला शिर्क्यांकडून कळलं होतं. ती मुंबईत कधी एकटी गेलेली नव्हती. मी येते बरोबर, म्हटलं.

"नगं, बाई. तुमी असल्यावर तुमी सांगाल त्ये काय बोलत्यात त्ये, आन् मी तुमचं ऐकत बसंल. मला बगायचंय."

ती गेली. रविवारी दुपारी परत येताना मी तिला खिडकीतून पाहिलं. ठेवणीतली साडी, हातात चपला, कारण एकीचा अंगठा तुटला होता. वर न येता ती सरळ आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, त्याची मनाशी जुळवाजुळव चालली असेल.

दुसऱ्या दिवशी मी कळंबोली सोडणार होते. वडिलांच्या आजारपणामुळे मी गावाकडच्या शाळेत नोकरी घेतली होती. टेम्पोत सामान चढवून झालं, तेव्हा निरोप घ्यायला शिर्क्यांच्या घरी गेले. शिर्के कामावर गेलेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कमल सांगत होती.

तिचं सांगणं शशीताईंसारखं नव्हतं. ती घाईघाईने पुढे जायची, काहीतरी राहिलं म्हणून मागे यायची. कोण कुणाला काय बोललं ते कळलं नाही, असं सरळ सांगून टाकायची. पण एक मुलगी आगगाडीतून उतरली होती, तिच्या हातात पत्र्याची पेटी होती, आणि तिला घ्यायला कुणी आलेलं नव्हतं, एवढं मला उंबऱ्यातही दिसलं. शशीताई उशांना टेकून बसल्या होत्या. कितीतरी वर्षं मी त्यांना सांगताना पाहिलं होतं. ऐकताना आज पहिल्यांदा पाहत होते. हा सिनेमा त्यांनी पाहिलेला नव्हता. पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं त्यांच्या चेहऱ्यावर असं पसरलं होतं की आजाराने ओढलेली बाजू क्षणभर मला दिसेनाशी झाली.

मग कमल अडली. "आता नाचते ती," म्हणाली. हात वर करून काही दाखवायला गेली, जमलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. "बसून येत न्हाई, ताई."

शशीताईंनी डावा हात पांघरुणातून काढला आणि बोटं वर केली. ऊठ.

कमलने पदर खोचला. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जागा अशी नव्हतीच. औषधांचं स्टूल तिने पायाने बाजूला सरकवलं. तेवढ्यात तिला मी दिसले. ती लाजली, काही म्हणणार होती, आणि मग तिने माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. कमलने श्वास घेतला, एक पाय पुढे टाकला, मग दुसरा, आणि शशीताई नीट दिसावं म्हणून उशीवरून पुढे झुकल्या.